स्वखुशीनं

सिस्टर फिलोमिना इथून जाणार, हे मला आठवडी बाजारात कांदे विकणाऱ्या बाईनं सांगितलं. "तुमची सिस्टर चालली म्हनते नागपूरले, कायमची," ती म्हणाली आणि तराजूत एक कांदा वरून टाकला. मी दुसऱ्या दिवशीची सुटी टाकली आणि सकाळची पहिली एस.टी. धरली.

दिग्रसच्या अलीकडं फाट्यावर उतरलं की डाव्या हाताला कडुनिंबांची रांग लागते. तिच्या टोकाला कौलारू दवाखाना, त्याला लागून सिस्टर लोकांचं घर आणि खोलीएवढं चॅपेल. दवाखाना बंद होऊन तीन वर्षं झाली. तालुक्याला मोठं रुग्णालय झालं, रस्ते झाले, बाया आता बाळंतपणाला तिकडं जातात. एकेक करून बाकीच्या सिस्टर गेल्या. फिलोमिना राहिल्या होत्या, त्यांनाही आता त्यांच्या संस्थेनं म्हाताऱ्या सिस्टरांच्या घरी बोलावून घेतलं होतं.

मी आत गेले तेव्हा त्या स्वयंपाकघरामागच्या खोलीत खोकी भरत होत्या. ऐंशीच्या पुढचं वय, पण हात थांबत नव्हते.

"आली का वं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "बरं झालं. ते फळीवरचं खाली घे. मले पेलवत नाई."

फळीवर ऑस्तीचा साचा होता. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, प्रभुभोजन म्हणून वाटतात ती पांढरी पातळ भाकर म्हणजे ऑस्ती. लोखंडाचे दोन गोल पत्रे, लांब दांड्याच्या सांडशीसारखे जोडलेले, आत क्रूस कोरलेला. मी तो खाली घेतला आणि नकळत नाकाशी नेला. इतक्या वर्षांनंतरही त्याला करपट गव्हाचा वास होता. तिथंच खोक्यांमध्ये मी खाली बसले.

आमची गावात पाच घरं होती ख्रिस्ती. बाबांचे आजोबा जालन्याकडून आलेले. बाबा दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. त्यांच्या अंगाला कायम सरकीच्या तेलाचा वास यायचा, आणि हंगामात भुवयांवर कापसाची लव बसलेली असायची, म्हणून ते घरी आले की आधीच म्हातारे झाल्यासारखे दिसायचे. आई सकाळी सिस्टरांच्या दवाखान्यात झाडलोट करायची, आणि वेचणी सुरू झाली की दुपारून कापूस वेचायला जायची. मी शाळेतून परस्पर शेतावर जायची. पहिल्या वेचणीच्या दिवशी शेतमालकीण पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, बुडाशी दहीभात ठेवायची आणि उरलेला आम्हा पोरांच्या हातावर घालायची. त्या दहीभाताची चव, उन्हानं तापलेल्या पानांचा उग्र वास आणि पऱ्हाटीच्या ओळीत पुढं पुढं सरकणारी आईची पाठ हे सगळं मला एकाच घासात आठवतं.

नाताळ वेचणीतच यायचा. चॅपेलमध्ये येशूबाळाची गव्हाण मांडली जायची, आणि तिच्या छपरावर बर्फ पडायचा तो आमच्या गावच्या कापसाचा. बर्फ आमच्यापैकी कोणी पाहिलेला नव्हता. बर्फात सरकी असते असंच मला पुष्कळ दिवस वाटे.

मी दहा वर्षांची असताना, अशाच एका वेचणीत, आईला घोणस चावली. मी चार ओळी पलीकडं होते. आई ओरडली नाही. नुसती उभी राहिली, ओटीतला कापूस तिनं सावकाश खाली ठेवला आणि मला म्हणाली, "जाय, सिस्टरबाईले बोलाव. पळू नको, पडशीन." मी पळाले. सिस्टर फिलोमिना जीप घेऊन बांधापर्यंत आल्या, आईला मागच्या बाकावर आडवं करून यवतमाळच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. बाबा तिकडंच राहिले. मला सिस्टरांकडं ठेवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला की आईची लघवी बंद झाली आहे. त्याचा अर्थ मला कळला नाही, पण निरोप ऐकून सिस्टर पटकन खुर्चीवर बसल्या, ते कळलं. मी चॅपेलमध्ये गेले. वेदीजवळचा तांबडा दिवा मिणमिणत होता, बाकांना नव्या वार्निशचा वास होता. मी गुडघ्यांवर बसले आणि म्हणाले, "आई वाचली तर मी सिस्टर होईन." मग एवढ्यानं देवाचा विश्वास बसणार नाही असं वाटून मी आणखी एक वाक्य जोडलं. "आणि नाही झाले तर तिला परत ने."

आई सव्वीस दिवसांनी घरी आली. पाय लंगडा झाला, पण आली. सगळ्यांनी देवाचे आभार मानले. माझ्या नवसाबद्दल मी कोणाला सांगितलं नाही.

पुढं लोकांनाच दिसायला लागलं की या मुलीचं मन देवाकडं आहे. मी रोज मिस्सेला जायची. वेदीची वस्त्रं धुऊन, खळ लावून, इस्त्री करून द्यायची. शेजारणी म्हणायच्या, "ही पोरगी सिस्टर होते पाहा." आमच्या भाषेत त्याला पाचारण म्हणतात, देवानं नाव घेऊन बोलावणं. मला कधी कोणी बोलावलं नव्हतं. पण मी मान डोलवायची, आणि घरी आल्यावर आधी स्वयंपाकघरात डोकावून आई आहे ना ते बघायची. आणि त्या दिवसानंतर मी कधीही पऱ्हाटीत पाय घातला नाही. कापसाच्या कडेनं जायची वेळ आली तर रस्त्याच्या मधोमध चालायची.

बारावी झाल्यावर मी बॅग भरून सिस्टरांच्या घरी राहायला गेले. आधी वर्षभर उमेदवार म्हणून राहायचं, त्यांनी आपल्याला बघायचं, आपण त्यांना, आणि मग अर्ज करायचा, अशी रीत होती. आई फाटकापर्यंत सोडायला आली. काही बोलली नाही. लोणच्याची बरणी दिली आणि लंगडत परत गेली.

खोटं कशाला सांगू, तिथलं जगणं मला आवडलं. पहाटे पाचला घंटा. थंड फरशीवर अनवाणी पाय. सहा बायकांचे सहा प्रकारचे उच्चार एकाच स्तोत्रात मिसळायचे. बुधवारी ऑस्तीचा दिवस. मैद्याचं पातळ पीठ, तापलेला साचा, एक पळी ओतून दाबलं की चर्र आवाज व्हायचा आणि खोलीभर भाजलेल्या गव्हाचा वास पसरायचा. मोठी पापडी गार झाली की तिच्यातून गोल कापायचे. उरलेली कातरणं माझी. खिशात घालून मी ती दिवसभर चघळत असे.

सिस्टर फिलोमिना घराच्या प्रमुख होत्या. केरळच्या. बाविसाव्या वर्षी इकडं आल्या तेव्हा त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. पुस्तक नव्हतं, मास्तर नव्हता, दवाखान्यात येणाऱ्या बायाच त्यांच्या मास्तरणी. त्यामुळं त्या जी मराठी शिकल्या ती अस्सल वऱ्हाडी, फक्त चाल मल्याळी. बिशपसाहेब आले होते तेव्हा त्या त्यांना म्हणाल्या होत्या, "तुमी काहून उभे? बसा ना बाप्पा."

ती वर्षं वाईट होती. कापसाला भाव नव्हता, आणि लोकांनी तो घरात भरून ठेवला होता. वाशांपर्यंत कापूस, पोरं त्याच्यावरच झोपायची आणि सकाळी अंग खाजवत उठायची. बाबांची जिनिंग हंगामातसुद्धा मुकी असायची. गावोगाव माणसं जीव देत होती. कारणं तेव्हा रोज पेपरात यायची, इथं मी ती सांगत नाही. मला आठवतात त्या मागं राहिलेल्या बाया. सिस्टर दर शुक्रवारी त्यांच्याकडं जायच्या, आणि सोबत मी. त्या घरांत शिरलं की पहिल्यांदा फवाऱ्याच्या औषधाचा वास यायचा, मग चुलीचा, मग काहीच नाही. सिस्टर तिथं फार बोलत नसत. धर्माचं तर अजिबात नाही. बाईशेजारी भुईवर बसायच्या, तिच्या लेकराचं नाक पुसायच्या, तांदूळ निवडायला घ्यायच्या.

डिसेंबरात आम्ही एका तांड्यावर गेलो. तिथं शेवंताबाई नावाची बंजारा बाई राहायची. सासू अंथरुणाला खिळलेली, पोर लहान, आणि चार एकरांत कापूस फुटून लोंबत होता. वेचायला माणूस मिळत नव्हतं. सिस्टर सासूची नाडी बघत होत्या. मी काय करावं ते न सुचून जपमाळ काढली.

शेवंताबाईंनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. "ते मंग कर बाई," त्या म्हणाल्या. "कापूस येचता येते का तुले?"

"येतो," मी म्हणाले.

"मंग चाल."

मी सिस्टरांकडं पाहिलं. त्यांना माझ्या आईची घोणस माहीत होती, मी रस्त्याच्या मधोमध चालते तेही त्यांनी पाहिलेलं होतं. त्यांनी सासूचा हात सोडला नाही. "जाचं असंन तर जाय," म्हणाल्या. "नाई तर नको जाऊ. दोन्ही चालते."

मी बांधावर उभी राहिले. शेवंताबाईंनी काठीनं पऱ्हाटीचं बूड आपटलं, हातानं पानं बाजूला केली आणि ओढणीची ओटी माझ्या कमरेला स्वतः बांधून दिली. "मी पुढं, तू माझ्या मागं," त्या म्हणाल्या. "जनावर असंन तर मले पयले भेटंन."

आठ वर्षांनी मी कापसात शिरले. पहिली ओळ संपेपर्यंत मला श्वास घेतल्याचं आठवत नाही. दुसऱ्या ओळीला बोटांनी आपलं काम ओळखलं. बोंडाच्या टोचणाऱ्या पाकळ्या, आतून एका ओढीत निघणारा कापूस, तळव्यात त्याची ऊब. तिसऱ्या ओळीला शेवंताबाई त्यांच्या बोलीत काहीतरी गुणगुणायला लागल्या. मला शब्द कळत नव्हते, पण मी मागून हुं हुं करत होते. संध्याकाळी ओटी सोडताना माझ्या लक्षात आलं की दिवसभरात मी एकदाही देवाकडं काही मागितलं नव्हतं, आणि दिवसभर मला आईची काळजी वाटली नव्हती. सिस्टरांना विचारून मी आणखी दोन दिवस तिथं राहिले. कापूस निघाला.

जानेवारीत अर्ज करायची वेळ आली. पुढच्या पायरीला जायचं तर तो स्वतःच्या अक्षरात लिहायचा असतो. सिस्टरांनी मला नमुना दिला. बुधवारची दुपार होती, ऑस्ती कापून झाल्या होत्या, त्याच टेबलावर मी लिहायला बसले. 'मी, खाली सही करणारी, कोणाच्याही दबावाशिवाय आणि...' पुढचा शब्द होता 'स्वखुशीनं'.

पेन तिथं थांबलं. मी 'स्व' लिहिला. तो सुकला. पुन्हा गिरवला. बाहेर सुतार पक्षी खोडावर टकटक करत होता. सिस्टर साचा पुसत होत्या. मग फडकं खाली ठेवून समोर येऊन बसल्या.

"शब्द येत नाई का लिवता?"

मी रडायला लागले. मग सगळं सांगितलं. घोणस, तिसरा दिवस, तांबडा दिवा, पहिलं वाक्य. दुसरं वाक्य सांगायला फार वेळ लागला. ते आठ वर्षांत मी उच्चारलेलं नव्हतं. "मी इथून गेले तर तो आईला नेईल," मी म्हणाले. "मीच त्याला तसं सांगून ठेवलंय."

मला वाटलं त्या चिडतील, किंवा प्रार्थना करू म्हणतील.

"देव काय साप हाय का," त्या म्हणाल्या, "डूख धरून बसाले?"

इतकंच. मग उठून त्यांनी माझ्यापुढचा कागद घेतला, त्याची घडी केली आणि चुलीत सारला. कागद जळताना मला धक्का बसायला हवा होता. त्याऐवजी माझ्या खांद्यांतून काहीतरी उतरलं, इतकं खरोखर की मी मागं वळून पाहिलं.

"पण सिस्टर, मला इथं आवडतं. ते खोटं नाही."

"आवडते ना. मंग येत जात राय. भेव घेऊन कोणी रायत असते का घरात? भेव गेल्यावर बी वाटलं तर परत ये, मी नवा कागद देईन." मग त्या म्हणाल्या, "आता घरी जाय अन् मायले सांग. मले सांगून काय होते?"

मी त्याच दुपारी घरी गेले. आई ओसरीवर तूर पाखडत होती. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, दुसऱ्या वाक्यासकट. सूप तिच्या हातात तसंच राहिलं.

"दहा वर्साची होती तू," ती शेवटी म्हणाली. "एवढं वझं एकटीनं घेऊन फिरली? मले वाटे तुले खरंच हाक आली. देवाच्या मधात मी कायले बोलू, म्हणून तोंड शिवून बसली. तू गेली त्या दिवसापासून घरात मन लागत नाई माझं."

"तू वाचलीस म्हणून मी..."

"मी वाचली ते वाचली. त्यानं माझ्या बदल्यात तुले मांगतलं नसतं." तिनं सूप पुन्हा हलवायला घेतलं. "अन् मांगतलं असतं, तरी मी देल्लं नसतं."

मग ती म्हणाली की लोणच्याची बरणी परत आणलीस का. मी विसरले होते. आम्ही दोघी हसायला लागलो, आणि बाबा कामावरून आले तेव्हाही हसत होतो. काय झालं ते त्यांना नीट सांगताच येईना. ते भुवयांवरची लव पुसत उभे राहिले आणि म्हणाले, "बरं हाय, बरं हाय."

नवा कागद मागायला मी गेले नाही. वाट पाहिली, पुष्कळ दिवस, प्रामाणिकपणे. भीती गेल्यावर आत जे उरलं ती हाक नव्हती, आवड होती, आणि ती आवड त्या घराबाहेरही मला पुरली. यवतमाळला नर्सिंग केलं. आता उपकेंद्रावर आहे. लग्न झालं, मुलगी झाली. रविवारी मिस्सेला जाते, आणि तिथं बसल्यावर मला कशाचीच घाई वाटत नाही. प्रार्थनेत मागणं कमी झालं आहे. पुष्कळदा मी नुसती बसते.

गेल्या पावसाळ्यात आई गेली. पिकल्या वयात, दुपारी जेवून आडवी झाली ती उठली नाही. मी तिचे डोळे मिटले, हात सरळ केले, आणि तेव्हा थांबून मी माझ्या मनात नीट चाचपून पाहिलं. ते दुसरं वाक्य कुठं आहे का. सगळे कोपरे पाहिले. दुःख होतं, घरभर होतं. ते वाक्य नव्हतं. मग मी मोकळेपणानं रडले, आईसाठी रडावं तसं.

हे मी सिस्टरांना खोकी बांधता बांधता सांगितलं. त्यांनी सुतळीची गाठ मारली, दातांनी तोडली. "चांगली बाई होती तुही माय," म्हणाल्या. "फरशी पुसे तर आरसा."

दुपारी काळा चहा केला, कारण दूध आणायला कोणी नव्हतं. मोकळ्या भिंतींमुळं आमचे आवाज मोठे येत होते. जे इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं ते मी विचारलं.

"सिस्टर, तुम्हाला कधी सोडून जावंसं वाटलं नाही?"

"वाटलं तर. दोनदा बॅग भरलती."

"मग काहून थांबल्या?"

त्यांनी कप बशीत ठेवला. "पयल्या वेळी एक बाई अडली होती, तिचं होईस्तोवर गाडी गेली. दुसऱ्या वेळी बॅग घेऊन फाट्यापर्यंत गेलती. तिथं उभी राहून इचार केला, घरी जाऊन करशीन काय? तर म्हटलं, रोज या बायाईच्याच गोष्टी सांगत बसीन सगळ्याईले. मंग इथं काय वाईट हाय? आली वापस."

तीनच्या सुमारास संस्थेची गाडी आली. सामान चढवून झालं. सिस्टरांनी चॅपेलचं दार ओढून घेतलं, किल्ली शेजारच्या घरी दिली, आणि गुडघ्याला हात लावून लावून पुढच्या सीटवर चढल्या. मला यवतमाळला सोडतो असं ड्रायव्हर म्हणाला, म्हणून मी मागं खोक्यांशेजारी बसले. मला वाटत होतं त्या आता रडतील, आणि काय बोलायचं ते मी मनात जुळवत होते.

"हळू चालव रे बाबू," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. "मले पाहात पाहात जाचं हाय."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाटी पांढरी झाली होती. सिस्टरांनी काच खाली केली आणि बोट दाखवायला सुरुवात केली. त्या घरी जुळे झालते. त्या पलीकडच्या गावात पायाळू पोरगी, आता तलाठी झाली. त्या विहिरीजवळच्या घरी म्हातारी इंजेक्शनच्या भेवानं माळ्यावर चढून बसलती, अर्धा दिवस उतरेना. ड्रायव्हर हसला. मीही हसले. गाव मागं पडलं की पुढचं यायचं, आणि यवतमाळ आलं तरी त्यांच्या गोष्टी संपल्या नव्हत्या.